माणूस कशापासून झाला, वानरापासून की माकडापासून? पोरांनी अडवून धरलंय

खानापूरची_शिकवणी

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात घाटाकडच्या एका गावात संध्याकाळी शिकवणी घेते, आठवी ते दहावीची बारा-तेरा पोरं येतात, बहुतेक मराठी माध्यमाची, दोघं-तिघं कन्नड माध्यमाची. माझं स्वतःचं बीकॉम झालंय, विज्ञान मी वाचून वाचून शिकवते, म्हणून इथं जरा नीट समजावून सांगा, वरवरचं नको.

झालं काय, परवा उत्क्रांतीचा विषय निघाला आणि मी नेहमीसारखं सांगून टाकलं की माणूस माकडापासून झाला. तर एक पोरगी उठली, बाई, माकड म्हणजे कुठलं? आमच्याकडं दोन्ही आहेत ना. काळ्या तोंडाची लांब शेपटीची वानरं, ती झाडांची कोवळी पालवी ओरबाडत फिरतात, आणि लाल तोंडाची, आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या भाषेत केल्डी, ती शेतात उतरली की भुईमुगाच्या शेंगा उपटून गालात कोंबतात आणि पळतात. पोरीचं म्हणणं हे दोन प्राणी सगळेच वेगळे, खाणं वेगळं, चाल वेगळी, कळप वेगळे, मग माणूस यातल्या नक्की कुणापासून झाला? कन्नडवाला पोरगा लगेच म्हणाला आमच्यात मंग म्हणतात, मुसुव (काळ्या तोंडाचं वानर) नाही, म्हणजे लाल तोंडाचंच असणार. दुसरा म्हणाला नाही, वा-नर, नावातच नर आहे, वानरापासूनच. वर्गात दोन पार्ट्या पडल्या आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

मला उत्तर आलं नाही. उद्या सांगते म्हटलं, त्याला आता तीन दिवस झाले. आणि जाता जाता एकानं आणखी एक टाकून दिला, की माणूस माकडापासून झाला तर आत्ताची माकडं का होत नाहीत माणूस? कुणी जाणकार असेल तर सांगा, पोरं रोज विचारायलेत.

निवृत्त_जीवशास्त्र

बाई, आधी त्या पोरीला माझ्याकडून शाबासकी सांगा. बेळगावात कॉलेजात तीसेक वर्षं जीवशास्त्र शिकवलं खरं, वानर की माकड असा नेमका प्रश्न मला एकाही विद्यार्थ्यानं विचारला नाही, आणि प्रश्न एकदम मुळाला हात घालणारा आहे.

उत्तर असं की दोघांपासूनही नाही. सगळा घोटाळा 'पासून' या शब्दानं केलाय.

आपल्याकडं शेत वारसानं नावावर लावायला गेलं की पहिलं काय मागतात? वंशावळ. कागदावर सगळ्यात वर मूळ पुरुष, खाली त्याची पोरं, मग नातवंडं, पतवंडं. त्या कागदावर तुमचा चुलत-चुलत भाऊ पण असतो. तुम्ही त्याच्यापासून झालात का? नाही ना. तुम्ही आणि तो दोघंही वरच्या त्या एका माणसापासून झालात, आणि तो माणूस आता नाही, तो तुमच्यासारखाही नव्हता आणि चुलतभावाची प्रतही नव्हता. वानर आणि माकड हे आपले चुलतभाऊ आहेत, आजोबा नव्हेत. म्हणून ती आता माणूस का होत नाहीत या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं, चुलतभावानं तुम्ही व्हावं असं काही कारणच नाही, त्याचा संसार वेगळा सुरू आहे.

आता फळ्यावर खरंच वंशावळ काढा. सुमारे २.५ ते ३ कोटी वर्षांपूर्वी एक मोठा फाटा फुटला. एका बाजूला गेली आफ्रिका-आशियातली शेपटीवाली माकडं, सगळी, त्यात तुमचं वानरही आलं आणि लाल तोंडाचंही आलं. दुसऱ्या बाजूला गेले बिनशेपटीचे, म्हणजे गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि आपण. वानर आणि लाल माकड हे दोघं एकमेकांपासून फुटले ते त्याच्या पुष्कळ नंतर, १.५ ते २ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे दोन्ही पार्ट्यांना सांगा, ती दोघं पोरांना कितीही वेगळी वाटली तरी एकमेकांची सख्ख्यासारखी आहेत, आणि आपण दोघांपासूनही बरोब्बर सारख्या अंतरावर उभे आहोत. कुठल्याच पार्टीची हार नाही, दोन्ही पार्ट्या एकाच घरातल्या निघाल्या.

तो फाटा फुटायच्या आधीचा प्राणी कसा असेल याचा अंदाज येतो इजिप्तमधल्या फायूमच्या हाडांवरून. तिथं सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचा ईजिप्टोपिथेकस सापडला, मांजरापेक्षा थोडा मोठा, झाडावर राहणारा, मेंदू लहान. त्याच्यात वानराची खास लक्षणं नाहीत, लाल माकडाची नाहीत, आणि आपलीही नाहीत. मूळ पुरुष असाच असतो, कुणाचाच तोंडवळा पुरता नसलेला.

मराठीत एक अडचण आहे ती पोरांना मोकळेपणानं सांगा. चिंपांझी, गोरिला या बिनशेपटीच्या मंडळींना आपल्या रोजच्या बोलण्यात शब्दच नाही. पुस्तकात कपी म्हणतात, पण बाजारात कपी म्हटलं तर कोण ओळखणार? शब्द नाही कारण तो प्राणी आपल्या रानात कधी दिसला नाही, भारतात त्यांच्यातला फक्त गिबन आहे आणि तो आसाम-मेघालयाकडं. म्हणून भाषांतर करणाऱ्यानं माकड लिहून टाकलं आणि पिढ्यान्‌पिढ्या पोरं कुंपणावरच्या केल्ड्याकडं बघून हा माझा पणजोबा का असं विचारत बसली.

शेपटीचं मात्र दाखवता येतं. पाठीच्या कण्याच्या अगदी टोकाला बोट लावायला सांगा, पायरीवर आपटलं की जीव जातो ती जागा. तिला आपण काय म्हणतो? माकडहाड. तिथं सहसा चार छोटे मणके एकमेकांना चिकटून बसलेत, शेपटीचं तेवढंच राहिलं. २०२४ साली एक मोठं संशोधन आलं, त्यात दिसलं की बिनशेपटीच्या सगळ्यांमध्ये शेपटी घडवणाऱ्या एका जनुकात डीएनएचा एक छोटा तुकडा मध्येच घुसून बसलाय, शेपटीवाल्या माकडांमध्ये तो नाही. उंदरात तसाच बदल करून बघितला तर उंदीर आखूड शेपटीचे किंवा बिनशेपटीचे जन्मले.

आणि पोरीनं जे बघितलं ना, पालवी आणि शेंगा, ते सोन्यासारखं निरीक्षण आहे. वानराचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं, आत जंतू पाला आंबवतात, साधारण गाईच्या पोटासारखं काम चालतं, म्हणून ते पाल्यावर निभावतं. लाल माकडाच्या गालात थैल्या असतात, मिळेल ते भरायचं आणि सुरक्षित जागी जाऊन निवांत खायचं. वानराला त्या थैल्या नाहीत. तीही बदलत आलीत, आपापल्या वाटेनं.

माळकरी_निपाणी

राम कृष्ण हरी. सर, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं, वंशावळीचं पटलं. मी वाद घालायला आलो नाही. आमच्या घरात शनिवारी मारुतीला तेल घालतात, उसात वानरं शिरली तरी आमच्या वडलांनी कधी दगड उचलला नाही, हाकलायचं फक्त तोंडानं. त्यामुळं वानर आपलं भाऊबंद म्हटलं तर मला त्यात कमीपणा काहीच वाटत नाही.

खरं शंका एक आहे ती मनापासून विचारतो. म्हण आहे ना, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये. तुम्ही तर सगळ्या मनुष्यजातीचं कूळ शोधायलाय. वंशावळीला आमच्याकडं पुरावा लागतो, जुना उतारा लागतो, गावातली चार म्हातारी माणसं सही करतात. इथं पुरावा काय? चिंपांझी आणि आपण यांच्या मधले लोक कुठं गेले, त्यांची हाडं सापडली असतील तर किती आणि कुठं? आणि आपल्या या मुलखात काही सापडलं का, का सगळं आफ्रिकेतच?

घटप्रभेकाठचा

माळकरी दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो कारण तो माझ्या दाराशीच आहे. आपल्या मुलखात त्या काळच्या माणसांची हाडं नाहीत, खरं हत्यारं आहेत, आणि लई आहेत.

रॉबर्ट ब्रूस फूट म्हणून भूगर्भ खात्यातला एक साहेब होता, १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरमला त्याला पहिली दगडी कुऱ्हाड मिळाली. त्यानंतर त्यानं आपला हा सगळा भाग, तेव्हा याला दक्षिण मराठा मुलूख म्हणायचे, पायाखाली घातला आणि १८७६ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. मलप्रभा आणि घटप्रभेच्या काठच्या गोट्यांच्या थरात अशीच हत्यारं आहेत हे त्यानं तेव्हाच नोंदवलं. त्यालाच गोकाक भागात गेंड्याचे अवशेष मिळाले, आता गेंडा बघायला काझीरंग्याला जावं लागतं, तो एके काळी आमच्या गोकाकात चरत होता. पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी या नद्या काठाकाठानं तपासल्या, मलप्रभेवर बदामीकडचं ख्याड, घटप्रभेवर बागलकोटजवळचं अनगवाडी, ही नावं या विषयातल्या लोकांना तोंडपाठ असतात आणि आम्हा इथल्यांना ठाऊक नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी एक स्वतः हातात धरलाय. आमच्या शेताच्या खालच्या बाजूला पाण्यासाठी चर मारत होते, वरची काळी माती गेली, मग पिवळट माती, आणि तिच्याखाली गोट्यांचा थर लागला. गोट्यांत एक वेगळा दिसला. करडा-गुलाबी, कणीदार, घट्ट दगड, गोकाकच्या धबधब्याचा कडा आहे ना त्याच जातीचा. बुडाशी नदीच्या गोट्याची मूळ गुळगुळीत साल तशीच ठेवलेली, म्हणजे तळहाताला टोचू नये, आणि तिथून वर निमुळता होत गेलेला, पानासारखा, दोन्ही बाजूंनी मोठमोठ्या खपल्या काढलेल्या. एक खपली इकडून, एक तिकडून, त्यामुळं कडेची रेघ थोडी नागमोडी. मी उजव्या हातात घेतला तर अंगठा नेमका एका खड्ड्यात बसला. डाव्या हातात बसेना. ज्यानं तो घडवला त्यानं हात कुठं ठेवायचा ते ठरवून घडवला असणार असं मला तेव्हा वाटलं आणि अंगावर काटा आला. एका पुरातत्त्वाच्या माणसाला दाखवला, त्यानं सांगितलं की जागा नोंदवा, थर उकरू नका, दगड थरातून सुटला की त्याचं वय सांगणं अवघड होतं. तेव्हापासून चर तिथं अर्धवटच ठेवलाय.

वयाचं म्हणाल तर आपल्याच कर्नाटकात हुणसगी खोऱ्यात इसामपूरला हत्यारं घडवायचा अख्खा कारखानाच सापडलाय, डेक्कन कॉलेजच्या पद्दय्या सरांनी तो खणला, तिथलं वय सुमारे १२ लाख वर्षं निघालं. तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला सुमारे १५ लाख. आणि आपण, म्हणजे आजचा माणूस, जन्माला येऊनच ३ लाख वर्षं झालीत. म्हणजे इसामपूरच्या ओट्यावर बसून दगड फोडणारे हात आपले नव्हते, आपल्या आधीच्या कुणाचे तरी होते. त्या जुन्या माणसांच्या हाडांपैकी भारतात कवटी म्हणून एकच नावाजलेली आहे, नर्मदेकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये अरुण सोनकियांना मिळालेली.

दवाखान्यातली_ताई

मी प्रसूती विभागात काम करते, हाडं-दगड मला कळत नाहीत पण एक गोष्ट रोज बघते ती सांगावीशी वाटली. बाळ जन्मून पाच मिनिटं झालेली असतात, डोळे धड उघडलेले नसतात, आणि त्याच्या तळहातावर नुसतं बोट टेकवलं की ते असं घट्ट पकडतं की सोडवावं लागतं. तळपायाला बोट लावलं तर पायाची बोटंसुद्धा आत वळतात, जणू पायानंही काही धरायचंय. पहिल्यांदा आई झालेल्या पोरी ते बघून रडतात, त्यांना वाटतं बाळानं ओळखलं. मला एका मोठ्या डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं की ही पकड आईच्या अंगावरच्या केसांना धरून लटकायच्या काळातली आहे. वानरीण या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारते तेव्हा पिल्लू पोटाला असंच चिकटलेलं असतं, तिला हात लावायची गरजच नसते. आपल्या अंगावरचे केस गेले, बाळाची पकड राहिली. काही महिन्यांनी ती आपोआप सुटते.

आणि बाळंतपण इतकं अवघड का याचंही कारण यातच आहे असं वाचलंय, सर सांगतीलच. दोन पायांवर ताठ चालायचं म्हणून कमरेचं हाड अरुंद आणि आखूड झालं आणि बाळाचं डोकं मात्र मोठं. आपलं बाळ बाहेर येताना वळण घेत घेत येतं, बहुतेक वेळा तोंड आईच्या पाठीकडं असतं, त्यामुळं तिला स्वतःला ओढून घेता येत नाही, कुणीतरी दुसरी बाई लागतेच. म्हणून सुईण हा धंदा किती जुना असेल याचा मी नेहमी विचार करते.

खानापूरची_शिकवणी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल फळ्यावर वंशावळ काढली, माकडहाड सगळ्यांनी चाचपून बघितलं, पोरगी तर फारच खूश झाली.

पण एक गोष्ट घडली ती लिहिल्याशिवाय राहवेना. आमच्या शिकवणीत एक सिद्दी मुलगा आहे. खानापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यात सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाचे लोक आहेत हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे, हा आमच्यातच वाढलेला, मराठी-कोंकणी-कन्नड तिन्ही फाडफाड बोलतो. मी म्हटलं आपण सगळे मुळात आफ्रिकेतले. तर मागच्या एकानं त्याच्याकडं बोट केलं, बाई हा आफ्रिकेतला, आम्ही इथले. कुणी हसलं नाही, पण तो खाली मान घालून वहीत रेघा ओढत बसला. मी त्या पोराला दामटलं, पण दामटणं म्हणजे उत्तर नव्हे. सर, मला नीट सांगा, आफ्रिकेतून म्हणजे कधी, कसं, आणि या पोराला आणि त्या पोराला मी काय समजावू?

निवृत्त_जीवशास्त्र

बाई, हे वाचून रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही, सकाळी उठून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. आधी माळकरींचं, मग तुमचं, कारण एक दुसऱ्यात जाऊन मिळतं.

माळकरी, पुरावा मागितलात ते योग्यच केलंत. मी स्वतः पुराव्यामुळं एकदा माझं शिकवणं बदललंय. आम्ही शिकत होतो तेव्हा पुस्तकात रामापिथेकस हा माणसाचा थेट पूर्वज म्हणून यायचा, आपल्याच हिमालयाच्या पायथ्याला शिवालिकच्या टेकड्यांत १९३२ साली जबड्याचा तुकडा सापडलेला, नावात राम, आम्हाला केवढा अभिमान. मी काही वर्षं तसंच शिकवलं. मग पाकिस्तानातल्या पोतवार पठारावर त्याच्याच भाईबंदाचा, शिवापिथेकसचा, चेहरा जवळजवळ पूर्ण सापडला आणि तो सरळ ओरांगउटानच्या वळणाचा निघाला. रामापिथेकस आपल्या रांगेतून उठून ओरांगउटानच्या रांगेत जाऊन बसला. मला वाईट वाटलं, पण दुसऱ्या वर्षी वर्गात जाऊन सांगितलं की मागच्या वर्षी शिकवलं ते चूक होतं.

मधले लोक विचाराल तर आता एक-दोन नाहीत. चिंपांझी आणि आपली वाट वेगळी झाली सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेली लूसी ३२ लाख वर्षांपूर्वीची, उंची साडेतीन फुटांच्या आसपास, मेंदू चिंपांझीपेक्षा फारसा मोठा नाही, पण कमरेचं आणि गुडघ्याचं हाड सांगतं की ती दोन पायांवर चालत होती. टांझानियात लाएटोलीला १९७८ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं मिळाली, ३६ लाख वर्षांपूर्वीची, टाच, चवडा, अंगठा इतर बोटांच्या रांगेत, ओल्या वाळूत आपली उमटतात तशी. म्हणजे चालणं आधी आलं, मोठा मेंदू कितीतरी नंतर. ताईंनी लिहिलेलं बाळंतपणाचं दुखणं त्याच क्रमानं आलंय, आधी कंबर बदलून बसली आणि मग तिच्यातून मोठं डोकं काढायची वेळ आली.

हाडं सगळी नष्ट झाली असती तरी डीएनएवरून कूळ कळलं असतं. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या पेशीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. एक जोडी गेली कुठं? गेली नाही, दोन गुणसूत्रं टोकाला टोक जोडून एक झालंय, आपलं दोन नंबरचं. गुणसूत्राच्या टोकाला जी खास खूण असते ती त्याच्या अगदी मध्ये सापडते, दोन दोर बांधल्यावर मध्ये गाठ दिसावी तशी. हा तुमचा जुना उतारा, माळकरी, आणि यावर प्रत्येकाच्या प्रत्येक पेशीची सही आहे.

आता आफ्रिका. आजच्या माणसाची सगळ्यात जुनी ओळखू येणारी हाडं मोरोक्कोत जेबेल इर्हूदची, सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीची, हे २०१७ मध्ये कळलं. चेहरा आपल्यासारखा, कवटी मागं थोडी लांबुळकी. इथिओपियात ओमो किबिशची २ लाखांच्या पलीकडची. मोरोक्को एका टोकाला, इथिओपिया दुसऱ्या. म्हणून आता बरेच अभ्यासक म्हणतात की माणूस एका ठिकाणी, एका टोळीत झाला नाही, आफ्रिकाभर पसरलेल्या टोळ्या कधी तुटत, कधी एकमेकींत मिसळत गेल्या. नदीचं मूळ शोधू नये म्हणता, पण कणकुंबीला माऊलीच्या देवळाशी जाऊन आपण मलप्रभेचं मूळ बघतोच की. तिथं कुंडावर हात जोडतो आणि पुढं वाटेत किती ओढे तिला मिळाले ते मोजत नाही. सौंदत्तीच्या धरणात जे पाणी साठतं ते सगळं त्या कुंडातलं नसतं.

या आफ्रिकेतल्या माणसांतली काही मंडळी सुमारे ६० ते ७० हजार वर्षांपूर्वी बाहेर पडली आणि आफ्रिकेबाहेरचे आपण जवळजवळ सगळेच्या सगळे त्यांचे वंशज. वाटेत त्यांची निअँडर्थल, म्हणजे आता नामशेष झालेल्या आपल्या जवळच्या भाऊबंद लोकांशी गाठ पडली, संसार झाले. २०१० मध्ये स्वांते पेबो यांनी निअँडर्थलचा डीएनए वाचून हे दाखवलं, त्यांना २०२२ चं नोबेल मिळालं. आफ्रिकेबाहेरच्या माणसात साधारण २ टक्के डीएनए निअँडर्थलांचा असतो. तो तुमच्यात आहे, माझ्यात आहे, बोट दाखवणाऱ्या पोरातही आहे.

तर त्याला सांगा, बाळा, तूसुद्धा आफ्रिकेतलाच, फक्त तुझी मंडळी हजारो पिढ्यांपूर्वी निघाली आणि पायी पायी आली. या सिद्दी पोराच्या पूर्वजांमधल्या पुष्कळांना चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या काळात पोर्तुगिजांनी गुलाम करून जहाजात कोंबून गोव्याला आणलं, ते तिथून पळून आपल्या या जंगलात शिरले आणि स्वतंत्र राहिले. आणि इथं आल्यावर तेही मिसळले, हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-डीएनएच्या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये सिद्दींचा डीएनए तपासला तेव्हा त्यात आफ्रिकेबरोबर भारतातल्या लोकांचाही भाग स्पष्ट दिसला. म्हणजे 'इथले' तेही आहेतच. जगातली कुठलीही दोन माणसं घ्या, डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा. रंग हा त्या उरलेल्यातलाही एक बारीकसा भाग, ऊन किती यावर ठरत गेलेला.

आणि त्या सिद्दी मुलाला वेगळं बोलावून हे सांगा की माणसांमधली सगळ्यात जास्त विविधता आजही आफ्रिकेत आहे, बाहेर पडलेल्यांनी त्यातली मूठभरच बरोबर नेली. मूळ घर तिकडं आहे, बाहेर गेले ते आपण.

माळकरी_निपाणी

सर, रामापिथेकसचं तुम्ही पोरांपुढं कबूल केलंत, ते वाचून बाकीचंही पटायला लागलं. कणकुंबीला मी तीनदा गेलोय, या वेळी ओढे मोजत जाईन.

बाई, त्या पोराला आमचा आशीर्वाद सांगा.

खानापूरची_शिकवणी

सर, काल सांगितलं. जसं लिहिलंत तसंच, जहाजाचं आणि जंगलात पळून आल्याचंही. बोट दाखवणारा पोरगा म्हणाला मग आम्ही आधी निघालो आणि हे नंतर, एवढाच फरक ना? मी म्हटलं एवढाच. मग सिद्दी पोरानं मान वर केली आणि उठून फळ्यापाशी आला. त्याच्या आजोबांनी एकदा काट्याच्या कुंपणात अडकलेलं काडुपाप (लोरिस, रात्री हिंडणारं मोठ्या डोळ्यांचं छोटं जनावर) सोडवलं होतं, रात्री, त्यानं बॅटरी धरली होती. त्याचा प्रश्न असा, बाई, तुम्ही म्हणालात शेपटी नसलेले ते आपल्या बाजूचे. काडुपापाला शेपटी नाही. मग ते पण आपल्या बाजूलाच का?

वहीभर लिहून दिलंय त्यानं, डोळे किती मोठे, बोटं कशी, हळू कसं चालतं. मी काय सांगू?

निवृत्त_जीवशास्त्र

वा! त्यानं माझा नियम मोडला, आणि बरोबर मोडला.

काडुपाप आपल्या बाजूचं नाही, ते त्या मोठ्या फाट्याच्याही खूप आधी, ६ कोटी वर्षांहून आधी वेगळं झालं, फळ्याच्या अगदी डाव्या कडेला त्याची रेघ काढा. त्याची शेपटी त्याच्या वाटेवर गेली, आपली आपल्या वाटेवर, दोन घरांत वेगवेगळ्या कारणानं एकच भांडं फुटावं तसं. म्हणून एका लक्षणावरून नातं ठरवायचं नसतं, हे मीच आधी सांगायला हवं होतं.

त्याला दोन गोष्टी विचारा. बॅटरी मारल्यावर डोळे मांजरासारखे चमकले का? काडुपापाच्या डोळ्यामागं उजेड परत फेकणारा पडदा असतो, वानर, माकड आणि आपण, कुणाकडंच तो नाही. आणि नाक कुत्र्यासारखं ओलं होतं का? आपली नाकं कोरडी. तिसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही, त्याचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करतं. आपल्यातलं ते जनुक मोडून पडलंय, आणि वानर-माकडातही ते तसंच मोडलेलं आहे, म्हणून त्यांना पाला-फळं लागतात आणि आपल्याला आवळा, लिंबू, पेरू.

खानापूरची_शिकवणी

विचारलं. डोळे चमकले म्हणाला, लालसर, निखाऱ्यासारखे. नाक ओलं होतं, आजोबांच्या हाताला लागलं होतं. डाव्या कडेची रेघ त्यानंच काढली, फळा संपला म्हणून शेवटचा तुकडा भिंतीवर गेलाय, तो मी पुसला नाही.